फड्या निवडुंगाची जात कशी ओळखावी?

अहिल्यानगर शहराला लागून, सीना नदीजवळ असलेल्या नागापूरची ओळख आज औद्योगिक वसाहत अशीच आहे. पण वसाहतीतून थोडे बाहेर पडले की जुने नगरी शिवार सुरू होते. मुरमाड माळ, वर्षाकाठी जेमतेम ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस, आणि बांधाला किंवा ओढ्याच्या कडेला कुठे तरी फड्या निवडुंगाचे बेट. उन्हाळ्यात या बेटाला फुले येतात आणि पाहणाऱ्यापुढे एक कोडे पडते. एकाच झुडपावर एक फूल पिवळे असते, त्याच्या शेजारचे नारिंगी, तिसरे तांबूस. दोन जातींची सरमिसळ झाली असावी, असा सहज तर्क होतो. याच्या उलटही घडते. दोन ठिकाणचे निवडुंग लांबून अगदी सारखे दिसतात, दोन्हींचे फडे चपटे, दोन्हींना काटे, दोन्हींची बोंडे पिकून जांभळी-लाल होणारी. तरी एकावर पांढरा, कापसाळ किडा चढतो आणि काही काळात ते बेट कुजून खाली बसते. दुसरे मात्र हिरवेगार उभे राहते. वेगळे दिसते ते एकच आणि एकसारखे दिसते ते वेगळे निघत असेल, तर जात ओळखायची कशावरून?

फड्या निवडुंगाच्या प्रजातीला शास्त्रात ओपन्शिया म्हणतात. तिच्यात दीडशेहून अधिक जाती आहेत आणि त्या सगळ्या मूळच्या अमेरिका खंडांतल्या. इतक्या जाती साध्या डोळ्यांनी वेगळ्या करणे अशक्य वाटेल, पण आपल्याकडे येऊन रुजल्या त्या मोजक्याच, आणि त्या ओळखता येतात. अडचण येते ती वेगळ्याच कारणाने. ज्या खुणा सर्वांत आधी नजरेत भरतात, म्हणजे फड्याचा आकार, काट्यांची संख्या आणि पाकळ्यांचा रंग, त्याच सर्वांत कमी भरवशाच्या आहेत. भरवशाच्या खुणा लहान आहेत आणि त्यांतल्या निर्णायक खुणा फुलाच्या मधोमध दडलेल्या आहेत. असे का, याचे उत्तर झाडाच्या रचनेतच सापडते.

आधी कुळाची खात्री

मराठीत निवडुंग हा शब्द फार ऐसपैस आहे. कुंपणाला लावतात तो शेर आणि तीनधारी निवडुंग हे एरंडाच्या कुळातले. फांदी मोडताच त्यांतून पांढरा चीक वाहतो, आणि तो डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. फड्या निवडुंग मोडला तर चीक येत नाही, पाणचट, बुळबुळीत रस येतो. ही दोन कुळे एकमेकांपासून फार लांबची आहेत. कोरड्या हवेत पाणी साठवायचे आणि पाने टाकून द्यायची, हा एकच उपाय दोघांनी स्वतंत्रपणे काढला, म्हणून वरवरचे साम्य आले. त्यामुळे ओळखीची पहिली पायरी म्हणजे चीक आहे की नाही ते पाहणे.

दुसरी खूण अधिक महत्त्वाची आहे. फड्यावर ठरावीक अंतरावर लहान, लोकरीसारखी लव असलेले ठिपके असतात. ऊस लावताना शेतकरी कांडीवरचा डोळा पाहतो, कारण कोंब त्यातूनच फुटणार असतो. निवडुंगावरचा हा ठिपकाही तसाच डोळा आहे. फरक एवढाच की उसाच्या डोळ्यातून कोंब येतो, तर निवडुंगाच्या डोळ्यातून काटे, फूल किंवा नवा फडा यांपैकी काहीही येऊ शकते. फडा म्हणजे पान नव्हे, ते चपटे झालेले खोड आहे. खरी पाने कोवळ्या फड्यावर बारीक, टोकदार शेंगुळ्यांच्या रूपात दिसतात आणि काही दिवसांत गळून पडतात. काटे हे पानांचेच बदललेले रूप आहे. शेराला किंवा तीनधारी निवडुंगाला असे डोळे नसतात, म्हणून डोळा दिसला की झाड निवडुंग कुळातले असे निश्चित म्हणता येते.

ओपन्शियाची आणखी एक खासियत याच डोळ्यात असते. लांब काट्यांच्या बुडाशी अत्यंत बारीक कुसळांचा झुबका असतो. या कुसळांना उलटे दाते असतात, त्यामुळे ती कातडीत शिरली की निघता निघत नाहीत. बोंडे खाणारे आधी ती जमिनीवर किंवा कापडाने घासतात ते लांब काट्यांसाठी नसून याच कुसळांसाठी. बोंडावर कुसळे येतात कुठून, हेही डोळ्यावरूनच उलगडते. या फुलाचा बीजकोश खोडाच्या आतच बुडालेला असतो, म्हणून बोंडाची बाहेरची साल म्हणजे खोडाचाच भाग आणि तिच्यावर खोडाचे डोळे. कच्चे बोंड जमिनीवर पडले तर त्याला मुळे फुटून नवे झाड उभे राहू शकते, तेही यामुळेच.

फडा आणि काटा कुठे फसवतात

फड्याचे माप जातीचे लक्षण म्हणून कमकुवत आहे, कारण फडा ही पाण्याची साठवण आहे. पावसाळ्यानंतर तो फुगतो, मे महिन्यात सुरकुततो. ओढ्याकाठचा फडा मोठा होतो, मुरमातला लहान राहतो. सावलीतला फडा लांबट आणि पातळ वाढतो. एकाच झाडाचा तुकडा दोन ठिकाणी लावला तरी फडे वेगळे दिसतील. तरीही फडा अगदी निरुपयोगी नाही. रंगाची छटा, चकाकी, बुडाशी तो किती निमुळता होतो आणि जुने फडे मिळून गोल बुंधा तयार होतो की झुडूप जमिनीलगतच पसरते, या गोष्टी माणसाने पाहिल्याच पाहिजेत. फक्त त्यांच्यावरून निकाल देऊ नये.

काट्यांचे थोडे वेगळे आहे. एका डोळ्यात काटे किती, ही मोजणी सर्वांत सोपी, म्हणून सर्वांत मोहाची. पण काटे डोळ्यातून वर्षानुवर्षे येत राहतात. जुन्या खोडावरच्या डोळ्यात ते कोवळ्या फड्याच्या कितीतरी पट असू शकतात. काटे असणे-नसणेही पक्के नाही. चाऱ्यासाठी जगभर लावला जाणारा मोठ्या फड्यांचा निवडुंग, ओपन्शिया फायकस-इंडिका, बिनकाट्याचा म्हणून प्रसिद्ध आहे, पण दक्षिण आफ्रिकेत त्याची रोपे बियांपासून रानात वाढली तेव्हा काटेरी झाडांची बेटे तयार झाली. बिनकाट्याचेपण माणसाने निवडून जपलेले, ते बियांतून टिकले नाही. काटे असलेली आणि नसलेली अशी दोन झाडे म्हणून दोन जाती धरता येत नाहीत.

मात्र काट्याची संख्या बाजूला ठेवून त्याचा प्रकार पाहिला तर तो बराच खरे बोलतो. काटा गोल आहे की चपटा, सरळ आहे की किंचित वाकलेला, आणि नवा असताना त्याचा रंग कोणता, या गोष्टी पाण्यावर किंवा सावलीवर फारशा अवलंबून नसतात. दख्खनच्या कोरड्या पट्ट्यात आणि गुजरातेत सर्वत्र दिसणाऱ्या ओपन्शिया इलॅटिअर या जातीचे काटे सुईसारखे गोल आणि गडद तपकिरी, जवळजवळ काळपट. दक्षिणेत आणि किनारपट्टीवर अधिक आढळणाऱ्या ओपन्शिया डिलेनाय या जातीचे काटे पिवळे, बुडाशी चपटे आणि बऱ्याचदा वाकलेले. हा फरक जुन्या काळापासून लोकांच्या डोळ्यांत भरला होता. इंग्लंडमधल्या एल्थमच्या बागेतील झाडांवर योहान डिलेनियस याने १७३२ मध्ये ग्रंथ लिहिला, त्यात इलॅटिअरचे वर्णन ‘उंच, बळकट काळपट काट्यांची’ अशाच अर्थाने आले आहे, आणि १७६८ मध्ये फिलिप मिलर याने तिला आजचे नाव दिले. एक सावधगिरी मात्र हवी. जुने काटे सगळ्याच जातींत राखाडी पडतात, तेव्हा काटा पाहायचा तो चालू वर्षाच्या फड्यावरचा.

फुलाच्या मधोमध

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. एकाच झुडपावर पिवळी, नारिंगी आणि तांबूस फुले का? कारण अनेक जातींत पाकळीचा रंग फुलाच्या वयानुसार बदलतो. उमलताना पिवळसर असलेले फूल कोमेजत जाताना नारिंगी किंवा तांबूस होते. झुडपावर रोज नवी फुले उमलत असल्याने सगळ्या वयांची फुले एका वेळी दिसतात. इलॅटिअरमध्ये पाकळ्यांवर मुळातच लालसर रेघा असतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. पाकळीचा रंग पाहून जात ठरवणारा माणूस एका झाडाच्या तीन जाती करील.

पाकळ्या बाजूला सारून मध्ये पाहिले की चित्र स्पष्ट होते. तिथे शेकडो पुंकेसर असतात आणि त्यांच्या मधोमध एक जाड दांडा, ज्याच्या टोकाला परागकण झेलणारी कुक्षी पाकळ्यांप्रमाणे विभागलेली असते. इलॅटिअरचे पुंकेसरांचे तंतू गुलाबी ते लाल आणि कुक्षी गडद हिरवी. डिलेनायचे तंतू पिवळट-हिरवे आणि कुक्षी पांढुरकी किंवा फिकट पिवळी. हे रंग फुलाच्या वयानुसार पाकळीइतके पालटत नाहीत. शिवाय फडा आणि काटा यांच्यावर ऊन, पाणी, जनावरांचे तोंड यांचा वर्षभर परिणाम होत असतो, तर फुलाचा आतला भाग काही दिवसांचा. त्याच्यावर बाहेरच्या परिस्थितीची छाप पडायला वेळच मिळत नाही. वनस्पतिशास्त्राने वर्गीकरणात फुलाला दिलेल्या महत्त्वामागे हे एक मोठे कारण आहे.

फूल पाहताना अलगद काडी लावली तर पुंकेसर आतल्या बाजूला झुकताना दिसतात. स्पर्शाने होणारी ही हालचाल ओपन्शियाच्या अनेक जातींत असल्याने जात ठरवायला तिचा उपयोग नाही. पण पुंकेसर पाकळ्यांच्या आत राहतात की बाहेर डोकावतात, ही खूण मोलाची आहे. बागांमध्ये लावला जाणारा, लांबट आणि बहुधा बिनकाट्याच्या फड्यांचा कोचिनिलिफेरा निवडुंग याच एका लक्षणावरून चटकन वेगळा काढता येतो. त्याच्या लाल पाकळ्या पूर्ण उघडतच नाहीत आणि गुलाबी पुंकेसर बाहेर येऊन राहतात.

बोंडाकडून अपेक्षा फार असते, पण ते कमी सांगते. पिकलेले बोंड इलॅटिअर आणि डिलेनाय दोन्हींत जांभळट-लाल, गरही गडद लाल. हा लाल रंग बीटाच्या रंगद्रव्याच्याच गटातला आहे आणि निवडुंग कुळात तो सर्वत्र आढळतो, म्हणून त्याच्यावरून जात ठरत नाही.

चौकट : चार जाती, एका नजरेत

इलॅटिअर. मोठे झुडूप, फडे मळकट हिरवे. नवे काटे गोल, गडद तपकिरी. पाकळ्या गडद पिवळ्या ते तांबूस, लालसर रेघांच्या. केसरतंतू गुलाबी-लाल, कुक्षी गडद हिरवी.

डिलेनाय. पसरट झुडूप, फडे हिरवे ते निळसर. नवे काटे पिवळे, चपटे, वाकलेले. पाकळ्या लिंबासारख्या पिवळ्या. केसरतंतू पिवळट-हिरवे, कुक्षी पांढुरकी.

मोनाकँथा. गोल बुंधा असलेले लहान झाड; फडे पातळ, चकचकीत हिरवे, बुडाशी निमुळते; फड्यावरच्या डोळ्यात बहुधा एक-दोनच सरळ काटे; पिवळ्या फुलाच्या बाहेरच्या पाकळ्यांवर मधोमध लाल पट्टा.

फायकस-इंडिका. बुंधा असलेले झाड. फडे खूप मोठे, कधी ६० सेंटिमीटरपर्यंत. काटे नसतात किंवा थोडे, पांढरट. फुले पिवळी ते नारिंगी. बोंडे मोठी, निरनिराळ्या रंगांची.

किड्याने केलेली पारख

इथे एक रास्त आक्षेप येतो. कुक्षी हिरवी की पांढरी, यावरून जाती पाडणे ही माणसाने केलेली सोय असेल. निसर्गात खरोखर असे वेगळेपण आहे कशावरून? या प्रश्नाचे उत्तर भारतातच, दीडशे वर्षांच्या अवधीत, कुणी मुद्दाम न आखलेल्या एका प्रयोगाने दिले आहे.

अठराव्या शतकात किरमिजी रंगाचा व्यापार स्पेनच्या हाती होता. मेक्सिकोतल्या निवडुंगावर वाढणाऱ्या एका किड्यापासून तो रंग मिळे. ईस्ट इंडिया कंपनीला तो भारतात तयार करायचा होता. मद्रासेत डॉ. जेम्स अँडरसन यांनी त्यासाठी निवडुंगाची बागच लावली होती. १७९५ मध्ये कॅप्टन नील्सन याने रिओ द जानेरोहून हे किडे कलकत्त्याला आणले. पण ते मेक्सिकोतले रंगाचे किडे नव्हते. दक्षिण अमेरिकेतली ती रानटी भावंडे होती, आणि त्यांचा रंग हलका निघाला. व्यापार फसला, किडा मात्र राहिला. तो मोनाकँथावर इतका माजला की उत्तर आणि मध्य भारतातून ही जात मोठ्या प्रमाणावर नाहीशी झाली. हे पाहून १८३६ ते १८३८ या काळात किडा दक्षिणेत नेला गेला आणि १८६३ मध्ये श्रीलंकेत. किड्याकरवी तणाचा बंदोबस्त करण्याचे हे जगातले सर्वांत जुने उदाहरण मानले जाते.

दक्षिणेत मात्र त्याच किड्याने डिलेनायकडे पाठ फिरवली. मोनाकँथा संपली आणि डिलेनाय पसरतच गेली. हा किडा सोंड फड्यात खुपसून एका जागी बसतो. रस मानवला तर तिथेच पिढ्या वाढवतो, नाही तर मरतो. त्याने डिलेनाय आणि मोनाकँथा या दोन वेगळ्या वस्तू असल्याचा निवाडा आपल्या पोटाने दिला होता. पुढे १९२६ मध्ये श्रीलंकेतून डॅक्टिलोपियस ओपन्शियाय हा दुसरा, उत्तर अमेरिकी मूळ असलेला किडा आणला गेला. तो डिलेनायवर तुटून पडला आणि काही वर्षांत दक्षिण भारतातले सुमारे ४०,००० हेक्टर क्षेत्र मोकळे झाले. फडे-फुले पाहून वनस्पतिशास्त्रज्ञांनी आखलेली रेषा आणि किड्यांनी आखलेली रेषा एकाच ठिकाणी पडते. दोन्ही पारखी परस्परांशी संबंध नसताना जुळतात, तेव्हा ती रेषा केवळ कागदावरची नाही असे मानायला हरकत नसावी. फड्यावरचा पांढरा कापूस चिरडला की हाताला लागतो तो गडद लाल रंग या किड्याचा स्वतःचा आहे. बोंडाच्या लाल रंगाशी त्याचे नाते नाही.

दोन्ही किड्यांच्या या घटनांच्या मध्ये, १९११ साली, आय. एच. बर्किल यांनी भारतात रानटी झालेल्या फड्या निवडुंगांच्या निश्चितीवर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या नोंदग्रंथात प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला. तोवरच्या गोंधळाचे एक साधे कारण होते. वनस्पतींचे नमुने कागदात दाबून, वाळवून ठेवतात, आणि फड्या निवडुंग नेमका असा दाबता येत नाही. मांसल फडा कुजतो, कधी तर दाबलेल्या अवस्थेतही कोंब धरतो, आणि फुलाच्या आतले रंग उडून जातात. म्हणजे ज्या खुणा निर्णायक, त्याच संग्रहात टिकत नाहीत. यामुळे या झाडांच्या बाबतीत जिवंत फुलाची जागेवर घेतलेली नोंद वाळलेल्या नमुन्यापेक्षा मोलाची ठरते. आज मोबाइलच्या कॅमेऱ्याने कोणीही ती घेऊ शकतो. फक्त फोटो फुलात वरून सरळ पाहणारा हवा, सोबत नव्या फड्यावरच्या एका डोळ्याचा जवळून घेतलेला आणि पूर्ण झुडपाचा एक.

संकर आणि जनुके

दुसरा आक्षेप अधिक तांत्रिक आहे. ओपन्शियाच्या जाती एकमेकींशी संकर करतात, त्यांच्यात गुणसूत्रांचे संच दुप्पट-चौपट होतात. फायकस-इंडिकात तर मूळ संचाची आठ आवर्तने आहेत. मग बाह्य खुणांनी काय ठरणार, जनुकांची तपासणीच करावी. मेक्सिकोत, जिथे कितीतरी जाती शेजारी शेजारी वाढतात, तिथे हे म्हणणे पटते. डिलेनाय ही वेगळी जात की स्ट्रिक्टा या जातीचाच काटेरी प्रकार, यावर तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत, आणि तिथे जनुकेच मदतीला येतील. पण आपल्याकडची स्थिती वेगळी आहे. समुद्र ओलांडून आल्या त्या थोड्याच जाती, आणि पसरल्या त्या मुख्यतः तुटलेल्या फड्यांपासून. तुटका फडा रुजतो तेव्हा संकराला वाव नसतो. मूळ झाडच पुढे चालू राहते. म्हणून मेक्सिकोत ज्या खुणा अपुऱ्या पडतात त्या नगर जिल्ह्यात पुरतात. आणि जनुकांची तपासणी करायची झाली तरी तो नमुना कोणत्या झाडाचा, हे आधी कुक्षी आणि काटा पाहूनच लिहून ठेवावे लागते.

शेतकऱ्याचा प्रश्न

जात कळून करायचे काय, हा प्रश्न सर्वांत खरा आहे, कारण तो शेतातून येतो. दुष्काळी पट्ट्यात बिनकाट्याच्या निवडुंगाकडे चारा म्हणून पाहिले जात आहे. उरुळी कांचनला सुरू झालेली बाएफ संस्था त्यावर काम करते आहे. पाण्याने भरलेला फडा टंचाईच्या महिन्यांत जनावरांना कोरड्या वैरणीबरोबर देता येतो. पण ‘बिनकाट्याचा’ हे जातीचे नाव नाही. चाऱ्यासाठी हवी ती फायकस-इंडिका. बागेतला कोचिनिलिफेराही बिनकाट्याचा असतो, आणि त्याचे फडे तुलनेने लहान.

याहून मोठी गोष्ट किड्याची. डॅक्टिलोपियस ओपन्शियाय हाच किडा २०१४ मध्ये मोरोक्कोत आढळला आणि तिथल्या खेड्यांचा आधार असलेल्या फायकस-इंडिकाच्या बागा त्याने पाहता पाहता उद्ध्वस्त केल्या. दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांना तर या एका किड्यातही दोन वाण आढळले आहेत. एक फायकस-इंडिकावर पोसतो, दुसरा स्ट्रिक्टावर, आणि परक्या झाडावर ते नीट वाढत नाहीत. म्हणजे शेजारच्या बांधावर पांढरा कापूस दिसला तर तो किडा आपल्या चाऱ्याच्या निवडुंगावर येईल की नाही, याचा अंदाज तो कोणत्या जातीच्या झाडावर बसला आहे यावरून बांधावा लागतो. बांधावरची ती जात इलॅटिअर, डिलेनाय की रानात गेलेली फायकस-इंडिका, हे फुलांच्या दिवसांत एकदा पाहून नोंदवले, तर लागवड कुठे करायची आणि कोणते बेट आधी काढायचे हे फडे रोवण्यापूर्वीच ठरवता येईल.